पिचकारी रुसली तेव्हा...

सेकंड हँड गाडी घेताना आपण एसी बघतो, टायर बघतो, म्युझिक सिस्टिम तर दोनदा बघतो. काचेवर पाणी उडतं का, हे मात्र कुणीच बघत नाही. मीही बघितलं नव्हतं. नांदेड-लोहा रस्त्यानं ते दाखवून दिलं.

डिसेंबरातली संध्याकाळ, पाच-सव्वापाचची वेळ. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरची आजीची पहिली तपासणी आटोपून आम्ही नांदेडहून लोह्याला परत निघालो होतो. अंतर जेमतेम तीस-बत्तीस किलोमीटर. डोळ्यांवर काळा चष्मा लावून आजी शेजारच्या सीटवर ऐटीत बसलेली. आदल्या दिवशी अवकाळी पाऊस होऊन गेला होता. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरांनी काळी माती रस्त्यावर आणून टाकलेली, आणि माळेगावच्या यात्रेचे दिवस असल्यानं जनावरं भरलेल्या पिकअप गाड्यांची रांग लागलेली.

सोनखेड मागे पडलं आणि पुढच्या ट्रकच्या चाकानं चिखलाचा एक फवारा थेट माझ्या काचेवर मारला. मी सवयीनं लिव्हर ओढली. वायपर फिरले. पाणी आलंच नाही.

कोरड्या काचेवर वायपरनं त्या चिखलाचा असा काही लेप फासला की विचारू नका. वर समोर मावळतीचा सूर्य. नांदेडहून लोहा नैर्ऋत्येला आहे आणि डिसेंबरात सूर्यही त्याच बाजूला उतरतो. काचेवरच्या चिखलात तो असा पसरला की रस्ता, ट्रक, कडेची झाडं सगळं एका क्षणात गायब. उरला फक्त एक पिवळट पडदा.

ताशी ६० किलोमीटरच्या वेगात गाडी एका सेकंदाला सोळा-सतरा मीटर पुढे जाते. म्हणजे तीन सेकंद काही दिसलं नाही, तर पन्नास मीटर आपण आंधळेपणानं गाडी चालवलेली असते. हा हिशेब मी नंतर केला. तेव्हा फक्त एवढंच सुचलं की ब्रेक जोरात दाबायचा नाही, मागेही गाड्या आहेत. पार्किंगचे चारही दिवे लावले, बाजूची काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी बघत बघत गाडी खाली उतरवली.

"कामून थांबलीस?" आजीनं विचारलं.

"काही दिसत नाहीये, आजी."

"आता गं बया! डोळे माझे कापले अन् दिसंना तुला झालं व्हय!"

मी हसले, पण स्टिअरिंगवरचे हात थरथरत होते.

चकाचक गाडीचं गुपित

ही गाडी मी पुण्यात घेतली. सात वर्षांची हॅचबॅक, एकच मालक, सर्व्हिसचे कागद व्यवस्थित, रंग तर असा चमकत होता की भांग पाडून घ्यावा. मी आपली जाणकाराच्या थाटात टायरवर टिचकी मारली, एसी फुल केला, हॉर्न वाजवला. वायपरही फिरवून बघितले. पण लिव्हर ओढून पाणी उडवलं नाही. कोण उडवतं? नुकत्याच पुसलेल्या काचेवर पाणी मारायला आपल्यालाच संकोच वाटतो.

आता कळतंय की ती चमक हाच एक पुरावा होता. जुनी गाडी विकायला काढली की तिला वॅक्स पॉलिश मारतात. बॉनेटवर हात फिरवताना ते मेणासारखं पॉलिश पाणी उडवणाऱ्या नोझलच्या तोंडात जाऊन बसतं आणि वाळतं. नोझलचं भोक सुईच्या टोकाएवढं. बंद व्हायला कितीसा वेळ लागणार?

त्या संध्याकाळी आमच्याकडे प्यायच्या पाण्याची अर्धी बाटली होती. आधी काचेवर पाणी ओतलं, माती वाहून जाऊ दिली, मग रुमालानं पुसलं. हा क्रम महत्त्वाचा आहे. मातीत बारीक खडे असतात, ती कोरडीच घासली की काचेवर ओरखडे उठतात. मग चाळीसच्या वेगानं, ट्रकपासून चांगलं अंतर ठेवून घर गाठलं. रात्री एका ओळखीच्या गॅरेजवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, मोटर गेली. बदलून टाका." गाडी न बघताच निदान!

आधी कान, मग पाना

दुसऱ्या दिवशी सकाळी लोह्यातल्याच एका मिस्त्रीमामांकडे गाडी नेली. टपरीएवढं गॅरेज, समोर दोन ट्रॅक्टर उघडून ठेवलेले. मी आल्या आल्या सांगून टाकलं, "मोटर बदलायचीये."

मामांनी माझ्याकडं बघितलंही नाही. बॉनेट उघडलं आणि म्हणाले, "ताई, इंजिन बंद ठेवा. निस्ती चावी फिरवा अन् लिव्हर वढा."

मी ओढली. मामांनी कान पुढे केला. खालून एक बारीक गुणगुण आली. डास कानाशी यावा तशी.

"मोटर तर गाणं म्हणायलीय की! कोण म्हणलं गेली म्हणून?"

पुढच्या अर्ध्या तासात मामांनी मला जे शिकवलं, ते मी पाच वर्षं ड्रायव्हिंग करून शिकले नव्हते. या यंत्रणेचा संसार अगदी आटोपशीर असतो. एक प्लॅस्टिकची टाकी, तिच्या बुडाशी रबरी बूच लावून बसवलेली छोटी इलेक्ट्रिक मोटर, तिथून निघालेली बोटापेक्षा बारीक नळी आणि शेवटी काचेखालचे नोझल. आतल्या बाजूला मोटरला वीज देणारा फ्यूज आणि स्टिअरिंगजवळची लिव्हर. बास. म्हणजे बिघाड झाला तर एक तर पाण्याच्या वाटेवर, नाही तर विजेच्या वाटेवर. कुठल्या वाटेवर, ते तो आवाज सांगतो.

आवाज येतो, पाणी येत नाही

म्हणजे वीज पोचतेय, घोळ पाण्यात आहे. मग या क्रमानं बघायचं.

टाकी: आधी पाणी आहे का ते बघा. हसू नका, निम्म्या तक्रारी इथंच संपतात. झाकणावर काच आणि त्यावर उडणाऱ्या पाण्याचं चित्र असतं. ते नीट बघूनच पाणी ओता. शेजारी कूलंटची टाकी असते, ब्रेक ऑइलचीही असते. तिथं पाणी गेलं तर शंभराचं काम हजारांवर जातं. पाणी भरल्यावर गाडीखाली वाकून बघा. थेंब पडत असतील तर टाकीला तडा गेलाय किंवा मोटरचं रबरी बूच कडक झालंय.

नळी: मामांनी बॉनेटच्या आतून नोझलची नळी हलकेच काढली आणि मला पुन्हा लिव्हर ओढायला सांगितलं. पाण्याची धार सरळ त्यांच्या शर्टावर! "बघा, पाणी हितवर आलंय. म्हंजे टाकी चांगली, मोटर चांगली. दोष म्होरं." किती साधी युक्ती. नळी काढल्यावर पाणी आलं तर नोझल तुंबलंय. नाही आलं तर मागे मागे जायचं, कुठं नळी निसटलीय, मुडपलीय किंवा फाटलीय ते शोधायचं. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात बॉनेटखालचं रबर लवकर कडक होतं आणि सांध्याजवळ चिरतं. आणि गाडी घरासमोर महिनाभर उभी राहिली, तर उंदीरमामाही नळीची चव बघून जातात.

नोझल: माझ्या गाडीचा मुख्य आजार हा. तोंडाशी पॉलिशचा थर आणि आत पांढरा खडूसारखा क्षार. आपण लगेच टाचणी घेऊन बाहेरून टोचायला जातो. मामांनी हात धरला. बाहेरून टोचलं की कचरा आत ढकलला जातो. नोझल काढता येत असेल तर काढायचं, कोमट पाण्यात ठेवायचं आणि मागच्या बाजूनं हवा मारायची. क्षार फारच धरला असेल तर पाणी मिसळलेल्या व्हिनेगरमध्ये थोडा वेळ ठेवायचं आणि मग स्वच्छ धुवायचं. व्हिनेगर गाडीच्या रंगावर सांडू द्यायचं नाही. बारीक सुई लागतेच, पण शेवटी आणि हलक्या हातानं.

माझं एक नोझल सुटलं, दुसऱ्यातून मात्र नुसतीच लाळ गळत होती. मामांनी नळी चाचपली. दोन्ही नोझलकडे जाणारी नळी जिथं फुटते, त्या सांध्याजवळ बारीक चीर होती. चिरलेला तुकडा कापला, नळी पुन्हा बसवली आणि दुसरी पिचकारीही उडाली. दोन दोष एकावर एक. म्हणून एक सापडला की थांबायचं नाही.

आणखी दोन गोष्टी. लिव्हर ओढल्यावर पाणी दोन-तीन सेकंद उशिरा येत असेल, तर पाणी मागे जाऊ न देणारा छोटा व्हॉल्व्ह खराब झालेला असू शकतो. तेवढ्या वेळात वायपर कोरडेच फिरतात. आणि पाणी काचेऐवजी छतावर उडत असेल, तर बऱ्याच गाड्यांमध्ये नोझलची गोळी सुईनं किंचित फिरवून धार वायपरच्या पट्ट्यात आणता येते. धार काचेच्या मध्याच्या थोडी वर हवी. धावत्या गाडीत वारा तिला खाली दाबतो.

आवाजच येत नाही

मग वीज शोधायची. पहिला संशयित फ्यूज. फ्यूजच्या डबीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात कुठला फ्यूज कशाचा ते दिलेलं असतं. उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घाला. मोठा नको आणि तार तर अजिबात नको. ती सोय वायरिंग जाळते. नवा फ्यूजही लगेच उडाला तर मोटर अडकलीय किंवा कुठंतरी शॉर्ट आहे. तिथं हौस थांबवून इलेक्ट्रिशियन गाठावा.

फ्यूज ठीक असेल तर मोटरचं कनेक्टर काढून बघा. पिना हिरव्या पडल्या असतील तर घासून स्वच्छ करा. मग त्या कनेक्टरला बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प लावून दुसऱ्या कुणाला तरी लिव्हर ओढायला सांगा. दिवा लागला म्हणजे वीज येतेय आणि मोटर खरंच गेलीय. दिवा लागला नाही तर दोष वायरमध्ये, स्विचमध्ये किंवा अर्थिंगमध्ये. मोटर बदलायचा निर्णय या दिव्यानंतर घ्यायचा, फोनवरून नाही. आणि मोटर बदललीच तर रबरी बूचही नवं घाला, नाही तर आठवड्यात खाली थेंब पडायला लागतात.

मागच्या काचेलाही वायपर आणि पाणी असेल तर आणखी सोपं. अनेक हॅचबॅकमध्ये दोन्ही काचांना मिळून एकच मोटर असते. ती एका दिशेनं फिरली की पाणी पुढे, उलटी फिरली की मागे. मागे पाणी उडतंय आणि पुढे नाही, तर मोटर बहुधा शाबूत आहे. पुढची नळी आणि नोझल बघा. मागे पाणी येत नाही आणि डिकीतला गालिचा ओला लागतोय, तर मागे जाणारी नळी आतच निसटलीय.

एक पथ्य: पाणी नसताना लिव्हर ओढून धरू नका. कोरडी फिरली की ही छोटी मोटर तापते आणि जळते. रिकाम्या टाकीवर चिडून लिव्हर ओढत बसणाऱ्यांनी किती मोटरी मारल्या असतील, देव जाणे.

पाणी कुठलं घालायचं?

मामांनी टाकी उपसली तेव्हा बुडाशी शेवाळ आणि गाळ निघाला. "बोअरचं पाणी घालायलाव जणू," ते म्हणाले. मी घालत होतेच. आमच्या लोह्याच्या घरचं बोअरचं पाणी एवढं जड आहे की बादलीला पांढरी कड धरते. तेच पाणी काचेवर वाळलं की डाग आणि नोझलमध्ये वाळलं की खडू.

मग काय घालायचं? आरओचं गाळलेलं पाणी उत्तम. पण आरओच्या दुसऱ्या नळीतून वाया जाणारं पाणी घालू नका. काटकसर म्हणून अनेक जण तेच घालतात, आणि क्षार सगळ्यात जास्त त्यातच असतात. उन्हाळ्यात घरच्या एसीच्या नळीतून टपकणारं पाणी फडक्यातून गाळून वापरलं तर चालतं, कारण हवेतल्या बाष्पाचं पाणी झालेलं असल्यानं त्यात क्षार जवळजवळ नसतात. शिवाय ते फुकट.

हे फुकट प्रकरण आमच्याकडं विनोदाचं नाही. एप्रिल २०१६ मध्ये इथून पुढच्या लातूर शहराला मिरजहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. ते दिवस बघितलेली माझी आजी आजही भाज्या धुतलेलं पाणी तुळशीला घालते. गाडीच्या काचेला चांगलं पाणी लागतं म्हटल्यावर तिनं भुवया उंचावल्याच. पण टाकी असते दोन-तीन लिटरची आणि पावसाळा सोडला तर महिनाभर पुरते. गाडी बादल्या ओतून धुण्याऐवजी ओल्या फडक्यानं पुसली तर त्याच्या कितीतरी पट पाणी वाचतं. हा हिशेब सांगितल्यावर आजी म्हणाली, "मग घाल बाई. पर सांडू नको."

कपड्यांची पावडर टाकीत घालू नका. फेस होतो, उन्हात वाळतो आणि संध्याकाळच्या तिरप्या उजेडात काचेवर धुकं पडल्यासारखं दिसतं. दुकानात मिळणारं विंडशील्ड वॉशर लिक्विड पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात मिसळलं की काम झालं.

एका बाईची आठवण

जाता जाता एक गोष्ट. काच पुसणारा वायपर सुचला तो अलाबामातल्या मेरी अँडरसन नावाच्या बाईंना. न्यूयॉर्कमध्ये बर्फ पडत असताना ट्रामचा चालक काच उघडून बाहेर बघतोय, हे त्यांनी पाहिलं आणि १९०३ मध्ये हातानं फिरवायच्या वायपरचं पेटंट मिळवलं. त्यातून त्यांना पैसे मिळाले नाहीत, कुणी विकतच घेईना. सोनखेडच्या पुढे डोकं खिडकीबाहेर काढून गाडी चालवताना मी नेमकी त्या ट्रामच्या चालकासारखी दिसत असणार. शंभर वर्षांची प्रगती, आणि ती अडली कुठं, तर सुईच्या टोकाएवढ्या भोकात!

गाडी घेण्याआधी पाच मिनिटं

• चावी फिरवा, लिव्हर ओढा. दोन्ही बाजूंनी सारखी धार यायला हवी. मागच्या काचेवरही बघा.
• विकणारा "फक्त पाणी संपलंय" म्हणाला तर बाटलीभर पाणी मागा आणि त्याच्यासमोर भरा. खरं असेल तर लगेच कळेल.
• दहा मिनिटांनी गाडीखाली थेंब पडलेत का, ते बघा.
• तिरप्या उजेडात काचेवर कमानीसारखे ओरखडे दिसतात का? असतील तर आधीच्या मालकानं कोरडे वायपर बरेच फिरवलेत. रात्री समोरच्या दिव्यांत हे ओरखडे चमकतात आणि ते नीट जात नाहीत. काचच बदलावी लागते.
• वायपरचं रबर बोटानं दाबा. कडक झालं असेल, कड चिरली असेल तर बदला. आपल्याकडच्या उन्हात ते फार टिकत नाही.
• टाकीत डोकावा. स्वच्छ पाणी म्हणजे मालक काळजी घेणारा. शेवाळ असेल तर बाकीची गाडीही जरा बारकाईनं तपासा.

मामांनी माझ्याकडून पन्नास रुपये घेतले, वर चहा त्यांनीच पाजला. मोटर बदलायला सांगणाऱ्याचा नंबर माझ्या फोनमध्ये अजून आहे, पण त्याला मी आता आधी एकच प्रश्न विचारते: "आवाज ऐकलात का?"

आठ दिवसांनी आजीची दुसरी तपासणी होती. त्याच रस्त्यानं, त्याच वेळेला परत येत होतो. सूर्य तसाच समोर. या वेळी ट्रकनं नुसतीच धूळ उडवली. मी लिव्हर ओढली. दोन पिचकाऱ्या कमान करून काचेवर आल्या, वायपर एकदा गेले, एकदा आले, आणि समोर सगळा रस्ता लख्ख.

काळा चष्मा किंचित खाली करून आजीनं काचेकडं बघितलं.

"मला बी आता असंच दिसायलंय बघ," ती म्हणाली.